कुशिंग झालेल्या कुत्रीचा टी४ कमी आला, तर थायरॉईडची गोळी सुरू करावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुमची डॅक्शुंड मादी १० वर्षांची आहे, ऑपरेशन झालेली आहे, वजन ११ किलो. काही महिन्यांपासून ती पाणी खूप पिते, रात्री लघवीसाठी उठवते, जेवून उठली की पुन्हा खायला मागते. पोट खाली लोंबायला लागलंय आणि दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत. डेक्सामेथासोनच्या आठ तासांच्या तपासणीत कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसोल हे हॉर्मोन जास्त होण्याचा आजार, निघालं, सोनोग्राफीत कॉर्टिसोल बनवणाऱ्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या दिसल्या. त्याच दिवशीच्या रक्तातून घराजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये थायरॉईडही तपासून घेतलं. टी४ (थायरॉईड ग्रंथी बनवते ते हॉर्मोन) आला ०.८ मायक्रोग्रॅम आणि टीएसएच (थायरॉईडला हुकूम देणारं हॉर्मोन) ०.०१. एका डॉक्टरांनी कुशिंगच्या ट्रायलोस्टेन या कॉर्टिसोल कमी करणाऱ्या औषधाबरोबर थायरॉक्सिनही (टी४ ची गोळी) सुरू करायला सांगितलं, दुसऱ्यांनी ‘सध्या थायरॉईडला हात लावू नका’ म्हटलं. आता कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. मी तुमच्या कुत्रीला हात लावून तपासलेलं नाही, त्यामुळे पुढे सांगतोय त्यातला काही भाग तिच्या तपासणीवर अवलंबून आहे, आणि तो कुठला हेही सांगतो. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून आज थायरॉक्सिन सुरू करण्याचं कारण मला दिसत नाही. खरा प्रश्न ‘टी४ कमी आहे का’ हा नाहीच. तो कमी आहे. तो कशामुळे कमी आहे, थायरॉईड ग्रंथी खराब झाली म्हणून की अंगात कॉर्टिसोल जास्त झालंय म्हणून, हे ठरवायचं आहे. औषध त्या उत्तरावर ठरतं.

सुरुवात रिपोर्टपासूनच करू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की रिपोर्टवर नॉर्मल रेंज ५ ते १२ छापली आहे. ही माणसाची रेंज आहे. कुत्र्याचा टी४ मुळातच माणसापेक्षा बराच कमी असतो, साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. लॅबनुसार थोडा फरक पडतो, पण ५ च्या वर टी४ असलेलं निरोगी मोठं कुत्रं क्वचितच सापडेल. म्हणजे माणसांच्या लॅबमध्ये एखादं ठणठणीत कुत्रं जरी नेलं तरी त्याच्या रिपोर्टवर टी४ कमी असल्याची खूण येणारच. तुमच्या रिपोर्टवर ०.८ हा आकडा ५ च्या शेजारी बसल्यामुळे भयंकर वाटतो. कुत्र्याच्या रेंजशी ताडून पाहिलं तर तो रेषेच्या जरासा खाली आहे, एवढंच. शिवाय माणसांसाठी बसवलेलं यंत्र इतक्या खालच्या पातळीवर नेमकं मोजेलच असं नसतं. ०.८ आणि १.१ यांतला फरक अशा रिपोर्टवरून मी गंभीरपणे घेत नाही.

टीएसएचचं तर त्याहून अवघड. टी४ चा रेणू माणसात आणि कुत्र्यात एकच असतो, म्हणून तो माणसाच्या किटवर निदान मोजला तरी जातो. टीएसएच हे प्रथिन आहे आणि त्याची घडण प्रत्येक प्राण्यात थोडी वेगळी असते. माणसाच्या टीएसएचसाठी बनवलेलं किट कुत्र्याचं टीएसएच नीट पकडत नाही. त्यामुळे तुमच्या रिपोर्टवरचं ०.०१ म्हणजे ‘टीएसएच कमी आहे’ असं नाही, ते मोजलंच गेलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण हा रिपोर्ट तुम्ही घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसांच्या डॉक्टरांना दाखवलात तर टी४ कमी आणि टीएसएचही कमी म्हणजे पिट्युटरीच बंद पडली, असा निष्कर्ष ते काढतील. माणसाच्या बाबतीत तो तर्क बरोबर आहे. इथे त्याला पायाच नाही. तो आकडा रिपोर्टवर खोडून टाका.

आता मुख्य मुद्दा. समजा, उत्तम प्राण्यांच्या लॅबमधून, कुत्र्याच्या किटवर, कुत्र्याच्या रेंजसह टी४ पुन्हा मोजला आणि तो ०.८ च आला. तरीही मी गोळी देणार नाही. याचं कारण कॉर्टिसोल थायरॉईडच्या यंत्रणेत काय करतं, त्यात आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते, त्या हुकमावर गळ्यातली थायरॉईड टी४ बनवते. टी४ पुढे शरीरात ठिकठिकाणी टी३ मध्ये बदलतो आणि प्रत्यक्ष काम मुख्यतः टी३ करतो. कॉर्टिसोल जास्त झालं की ते या साखळीत सगळीकडे हात घालतं. पिट्युटरीतून टीएसएच सुटणं कमी होतं. रक्तात टी४ ज्या प्रथिनांना धरून फिरतो त्यांच्याशी त्याची बांधणी कमी होते. टी४ चं टी३ होणंही मंदावतं. मुकादमाने हाकच दिली नाही तर मजूर बसून राहतात, तसं आहे हे. काम थांबलेलं दिसतं, पण मजूर आजारी नाहीत. कुशिंग असलेल्या कुत्र्यांची थायरॉईड तपासली तर सुमारे निम्म्या कुत्र्यांत टी४ रेंजच्या खाली सापडतो, आणि त्यातल्या बहुतेकांची थायरॉईड ग्रंथी शाबूत असते. म्हणून कुशिंग सिद्ध झालेलं असताना टी४ कमी आला, तर मला त्यात नवल वाटत नाही. तो कुशिंगचाच एक परिणाम समजून मी पुढे जातो.

हे फक्त कुशिंगलाच होतं असंही नाही. अनियंत्रित मधुमेह, किडनीचा आजार, मोठा जंतुसंसर्ग, कॅन्सर, कुठल्याही गंभीर आजारात टी४ खाली जातो. आजार जितका जोरात, तितका आकडा सहसा खाली. त्यामुळे माझ्याकडे आजारी कुत्रं आलं की थायरॉईडची तपासणी मी शक्यतो त्या दिवशी करतच नाही. तब्येत सावरल्यावर केलेल्या तपासणीचा उपयोग होतो. आजारपणात केलेली तपासणी पैसे घेते आणि गोंधळ देते.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांना थायरॉईडची शंका आली, ती अस्थानी नाही. दोन्ही आजार मध्यम आणि उतारवयातले. दोन्हीत कुशीवरचे केस जातात आणि बहुधा खाज नसते, दोन्हीत कुत्रं सुस्तावतं आणि जाड दिसायला लागतं, दोन्हीत कोलेस्टेरॉल वाढतं. दारातून आत येणारं कुत्रं पाहून मलाही नेहमी लगेच सांगता येत नाही. पण टेबलावर घेतल्यावर आणि मालकाला दोन-चार गोष्टी विचारल्यावर चित्र बहुतेक वेळा स्पष्ट होतं.

पहिला प्रश्न पाण्याचा. थायरॉईड कमी झालेलं कुत्रं जास्त पाणी पीत नाही. कुशिंगचं कुत्रं बेसुमार पितं. ‘खूप पितं’ या शब्दावर मी विसंबत नाही, मोजायला सांगतो. सकाळी एक लिटरच्या बाटलीने भांडं भरायचं, दिवसभर त्याच बाटलीने भर घालायची, आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला वेगळं भांडं द्यायचं. २४ तासांत किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. तुमच्या ११ किलोच्या कुत्रीसाठी ही हद्द १,१०० मिलिलिटर झाली. दुसरा प्रश्न भुकेचा. थायरॉईडचं कुत्रं नेहमीइतकंच, कधी त्याहूनही कमी खाऊन जाड होतं. कुशिंगचं कुत्रं कचऱ्याची बादली उलथतं. तिसरा प्रश्न ते झोपतं कुठे. थायरॉईड कमी असलेलं कुत्रं ऊब शोधतं, ऐन मे महिन्यातही उन्हात जाऊन पडतं. कुशिंगचं कुत्रं गार फरशी शोधतं आणि पंख्याखालीही धापा टाकतं.

मग हात. पोटाची कातडी दोन बोटांत धरून पाहायची. कुशिंगमध्ये ती कागदासारखी पातळ झालेली असते, खालच्या शिरा दिसतात, बारीक काळे ठिपके आलेले असतात आणि रक्त घेतलेल्या जागी नको इतका काळानिळा डाग पडतो. थायरॉईडमध्ये उलट कातडी जाडसर, थंड आणि पिठाळ लागते. चेहऱ्यावरची कातडी सुजून लोंबते, त्यामुळे कुत्रं कायम दुःखी दिसतं. शेपटीचे केस जाऊन ती उघडी पडते. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी धरली तर थायरॉईडच्या कुत्र्याची ती संथ लागते. कुशिंगच्या कुत्र्याच्या मांड्यांचे स्नायू झडलेले असतात, त्याला सोफ्यावर किंवा गाडीत चढवत नाही. डॅक्शुंडच्या बाबतीत इथे सावध राहावं लागतं, कारण याच जातीत मणक्याची चकती सरकण्याचं प्रमाण मोठं आहे. चढायला नाही म्हणणारी प्रत्येक डॅक्शुंड कुशिंगमुळेच नाही म्हणते, असं धरून चालू नका. पाठ दाबल्यावर ती कळवळते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.

रक्त-लघवीतही फरक दिसतो. कुशिंगमध्ये यकृताचं एएलपी हे एन्झाइम अनेक पटींनी वाढलेलं असतं आणि लघवी पातळ असते. लघवीतून प्रथिनं जाणं, वाढलेला रक्तदाब आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग हेही कुशिंगकडेच बोट दाखवतात. थायरॉईडमध्ये एएलपी वाढलंच तर थोडं, आणि बऱ्याचदा सौम्य रक्तक्षय आढळतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे पाणी, भूक, रात्रीची लघवी, लोंबलेलं पोट, यांतलं एकही थायरॉईडच्या खात्यात जात नाही. फक्त केस दोन्हीकडे जातात, आणि त्यांचा हिशेब कुशिंगने पुरता लागतो.

आता औषधांबद्दल विचारायलाच हवं, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत तिला प्रेडनिसोलोन किंवा दुसरं कुठलं स्टेरॉईड मिळालं आहे का? गोळी आणि इंजेक्शन लोकांना आठवतं. कानात घालायचे थेंब, डोळ्यांचे थेंब आणि मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब आठवत नाही. आपल्याकडे गजकर्णासाठी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत जोरदार स्टेरॉईड असतं. कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही ते आत जातं, आणि महिनोन्महिने लावलं तर बाहेरून आलेल्या स्टेरॉईडचं कुशिंग होतं. दिसायला ते हुबेहूब खऱ्यासारखंच, टी४ ही तसाच कमी. अशा कुत्र्याच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मात्र आक्रसलेल्या असतात, एसीटीएचचं (कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणाऱ्या हॉर्मोनचं) इंजेक्शन देऊनही कॉर्टिसोल वर चढत नाही. तिथे ट्रायलोस्टेन देणं धोक्याचं, आणि स्टेरॉईड एकदम बंद करणंही धोक्याचं. तुमच्या कुत्रीच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल सोनोग्राफीत मोठ्या दिसल्या आहेत, म्हणून तिच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते. तरी घरातल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

फिटसाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटोन हे दुसरं औषध. त्याने तहान वाढते, भूक वाढते, एएलपी चढतं आणि टी४ उतरतो. म्हणजे एकट्या गोळीने दोन्ही आजारांचा भास होतो. तिसरं सल्फा गटातलं अँटिबायोटिक. ते काही आठवडे मोठ्या डोसमध्ये चाललं तर थायरॉईडचं काम खरोखरच बंद पाडतं, टीएसएचही वाढवतं. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत ग्रंथी पूर्ववत होते. लघवीच्या संसर्गासाठी तिला असा कोर्स दिला असेल तर तारखा लिहून ठेवा.

जातीचाही विचार लागतो. ग्रेहाउंड, सालुकी अशा शिकारी, सडपातळ कुत्र्यांचा टी४ जात्याच कमी असतो. आपल्याकडची कारवानी त्याच अंगलटीची, म्हणून कारवानीचा टी४ रेंजच्या किंचित खाली आला तर मी त्यावरून काही ठरवत नाही. वय वाढेल तसाही टी४ हळूहळू उतरतो. १० वर्षांच्या कुत्रीला २ वर्षांच्या कुत्रीचा आकडा लावता येत नाही.

तुम्ही असंही विचारलंय की ‘गोळी स्वस्त आहे, देऊन पाहिली तर बिघडतं काय?’ हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो आणि त्यामागचं प्रेम मला कळतं. तरी बिघडतं, आणि एका ठिकाणी नाही.

पहिली गोष्ट, कुत्र्याचा डोस माणसापेक्षा खूप मोठा असतो. माणसात थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, कुत्र्यात साधारण अर्धा दिवस पुरतो. म्हणून कुत्र्याला किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास द्यावं लागतं, बरेचदा दिवसातून दोनदा. तुमच्या ११ किलोच्या कुत्रीचा एक वेळचा डोस २२० मायक्रोग्रॅम होतो, म्हणजे बऱ्याच मोठ्या माणसांच्या दिवसभराच्या गोळीच्या दुप्पट. ज्याला गरज आहे त्या कुत्र्याला हा डोस छान सोसतो. गरज नसलेल्या कुशिंगच्या कुत्रीचं हृदय जोरात चालतं, धाप वाढते, तहान वाढते, वजन आणि स्नायू आणखी झडतात. रक्तदाब आधीच चढलेला असतो, त्यात ही भर.

दुसरी गोष्ट, निदानाची पाटी पुसली जाते. बाहेरून थायरॉक्सिन मिळालं की तिची स्वतःची ग्रंथी काम थांबवते. पुढे कधी खरंच थायरॉईड आहे का हे पाहायचं झालं, तर गोळी बंद करून सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. थायरॉक्सिनने केसांची वाढ काही प्रमाणात कुठल्याही कुत्र्यात चाळवते, त्यामुळे चार केस उगवले की ‘बघा, थायरॉईडच होतं’ असं सगळ्यांना वाटतं आणि गोळी जन्मभर चालू राहते. माझ्याकडे एक स्पिट्झ आला होता, केस गेले म्हणून थायरॉक्सिनवर ठेवलेला. पाठीवर थोडी लव आली होती, मालक खूश होते. पाणी मात्र तो बादलीतून प्यायचा, पोट जमिनीला टेकायला आलं होतं, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर ठोके मोजता येईनात इतके जलद. टी४ गोळीमुळे उत्तम आला होता, आणि त्या उत्तम आकड्याकडे बघून कुशिंगचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. गोळी थांबवून कुशिंगवर उपचार केले आणि पुढे थायरॉईड तपासलं, तेव्हा ती ग्रंथी व्यवस्थित होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थायरॉक्सिनमुळे शरीरात कॉर्टिसोल लवकर खर्ची पडतं. तुमची कुत्री आता ट्रायलोस्टेनवर जाणार, म्हणजे कॉर्टिसोल बनणं आपणच कमी करणार. त्याच आठवड्यात थायरॉक्सिनही चालू केलं आणि ती गळून गेली, तर ट्रायलोस्टेनचा डोस जास्त झाला, की थायरॉक्सिनने ओढ वाढवली, की आजारच वेगळा, हे सांगता येत नाही. एका वेळी एकच हॉर्मोन हलवायचं, ही शिस्त मी कधी मोडत नाही.

अ‍ॅड्रिनलचा उलटा आजार, अ‍ॅडिसन, यात तर ही चूक जिवावर बेतते. अ‍ॅडिसनमध्ये कॉर्टिसोल कमी पडतं. कुत्रं सुस्त, मधूनमधून उलट्या-जुलाब, नाडी संथ, आणि आजारामुळे टी४ ही कमी. सुस्ती आणि संथ नाडी पाहून थायरॉक्सिन दिलं जातं, उरलंसुरलं कॉर्टिसोल खर्ची पडतं आणि कुत्रं कोसळतं. थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनल दोन्ही एकाच वेळी निकामी झालेली कुत्रीही असतात, तिथे आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढायची आणि मगच थायरॉक्सिन. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला थायरॉक्सिन सुरू केल्यावर काही दिवसांत उलट्या आणि गळाठा आला असेल, तर सोडियम-पोटॅशियम त्याच दिवशी तपासून घ्या. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि दोन्हींचं गुणोत्तर २७ च्या खाली असेल, तर अ‍ॅडिसनचा विचार आधी करायचा.

मग कुशिंगच्या कुत्र्याला थायरॉक्सिन कधीच देत नाही का? देतो. कुशिंगची लक्षणं दिसण्याच्या आधीपासून थायरॉईडचं निदान पक्कं असेल आणि गोळी चालू असेल, तर ती बंद करत नाही, डोस पुन्हा तपासतो. कुत्र्याच्या किटवर टीएसएच वाढलेलं आणि त्याबरोबर फ्री टी४ (प्रथिनांना न धरता मोकळा फिरणारा टी४) ही खाली असेल, तर संशय बळावतो, कारण कॉर्टिसोल टीएसएचला दाबतं, सहसा वाढवत नाही. नाडी संथ, कातडी जाड, रक्तक्षय, चेहऱ्यावर सूज अशी थायरॉईडची स्वतःची लक्षणं सोबत असली की तो संशय निदानापर्यंत जातो. थायरॉईडमधल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीजची तपासणीही मदत करते. त्या सापडल्या तर ग्रंथीला सूज आलेली आहे एवढं कळतं, ग्रंथी किती शिल्लक आहे ते कळत नाही.

फ्री टी४ बद्दल दोन शब्द. डायलिसिस पद्धतीने केलेला फ्री टी४ इतर आजारांत एकूण टी४ पेक्षा जास्त भरवशाचा असतो, म्हणून बरेच जण तो करायला सांगतात. पण कुशिंगमध्ये तोही उतरलेला आढळतो. म्हणून तो नॉर्मल आला तर माझी चिंता मिटते, कमी आला तर मी जिथे होतो तिथेच राहतो. टीएसएचलाही मर्यादा आहेत. थायरॉईडचा खरा आजार असलेल्या कुत्र्यांतही २० ते ४० टक्क्यांत ते नॉर्मल येतं. आणखी एक दुर्मिळ शक्यता म्हणजे पिट्युटरीची गाठ एवढी वाढते की टीएसएच बनवणारा भागच दाबला जातो. तिथे सहसा भूक जाणं, भेलकांडणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, अंधत्व अशी मेंदूची लक्षणं दिसतात. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

तर तुमच्या कुत्रीसाठी मी असं चालेन. ट्रायलोस्टेन कमी डोसवर, जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी नाही, कारण पोटात अन्न असल्याशिवाय ते नीट शोषलं जात नाही. कॅप्सूल फोडू नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ती हाताळू नये. १० ते १४ दिवसांनी तपासणी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी कॅप्सूल किती वाजता दिली हे डॉक्टरांना सांगा, एसीटीएचची तपासणी त्या वेळेवरून बांधलेली असते. सोडियम-पोटॅशियम आणि रक्तदाबही त्याच भेटीत. पाण्याचा हिशेब वहीत ठेवा. डोस वाढवायचा की नाही, हे ठरवताना मला लॅबच्या आकड्याइतकीच ती वही लागते.

थायरॉईड पुन्हा तपासायचं ते पाणी आणि भूक आटोक्यात येऊन निदान महिना-दीड महिना स्थिर राहिल्यावर, म्हणजे सगळं नीट चाललं तर साधारण तीन महिन्यांच्या भेटीला. त्याआधी तपासलंत तर एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉर्टिसोलचा दाब उतरला की टीएसएच वर उसळी घेतं, आणि उपचाराच्या पहिल्या महिन्यांत ते थोडं वाढलेलं दिसू शकतं. एकट्या त्या वाढीवर गोळी सुरू करायची नसते. रक्त प्राण्यांच्या लॅबलाच पाठवा. तुमच्या गावात ती नसेल तर डॉक्टर सिरम वेगळं काढून बर्फाच्या पाकिटासह मोठ्या शहरात पाठवू शकतात. नमुना उपाशीपोटी द्या, म्हणजे सिरम दुधाळ येत नाही. कुशिंगमध्ये चरबी आधीच वाढलेली असते. लॅबच्या फॉर्मवर ‘कुशिंग, ट्रायलोस्टेन चालू’ असं स्पष्ट लिहायला सांगा, म्हणजे रिपोर्ट वाचणाऱ्याला संदर्भ राहतो. पुण्या-मुंबईपर्यंत येणं शक्य असेल तर मुंबईला परळच्या किंवा सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घेता येईल.

तेव्हाही टी४ कमी, कुत्र्याच्या किटवर टीएसएच जास्त आणि केस अजून आलेले नाहीत, असं झालं तर थायरॉक्सिनचा विषय आपण नव्याने काढू, आणि त्या वेळी मी स्वतः गोळी सुचवेन.

केस कधी येतील, हे तुम्ही शेवटी विचारलंय. पाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागतं, भूक त्याच सुमारास. केसांना तीन ते सहा महिने लागतात. कधी सुरुवातीला उरलेलेही गळतात आणि मग नवे येतात, क्वचित वेगळ्या रंगाचे. तोवर तेल चोळू नका आणि कडक शांपू टाळा, कातडी पातळ आहे, लगेच ओरखडते. आणि एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: सतत खायला मागणारी ही कुत्री ट्रायलोस्टेन सुरू असताना एखाद्या सकाळी जेवण नाकारेल, उलटी करेल किंवा कोपऱ्यात नुसती पडून राहील, तर त्या दिवशीची कॅप्सूल देऊ नका आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका.